यकृताचा रोगी आणि घरचें ताट

मी डॉक्टर नव्हें आणि वैद्यहि नव्हें. माझीं बत्तीस वर्षें मुलांना अंकगणित आणि इतिहास शिकविण्यांत गेलीं. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें, आणि त्यापुढें मास्तरकीला लागतें तेवढें. असें असतां यकृताच्या जुनाट विकारासारख्या विषयावर मीं बोलावयास बसावें, हें आपणांपैकीं कोणास धार्ष्ट्याचें वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाहीं. परंतु या विषयाचा एक भाग असा आहे कीं, तो दवाखान्यांत घडत नसून घरच्या स्वयंपाकघरांत घडतो. आणि त्या भागांत मीं स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. ती चूक दुसऱ्या घरीं होऊं नये, एवढ्याच हेतूनें मी आज आपणांपुढें आलों आहें.

यकृताचा जुना रोग जडलेल्या माणसाचें पोषण कसें खालावत जातें, आणि पथ्याच्या नांवाखालीं आपणच त्याला कसें उपाशी ठेवतों, हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

२०१८ सालच्या पावसाळ्यांत आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणत असूं, त्यांच्या पायांवर सूज दिसूं लागली. त्या वेळीं त्यांचें वय एकाहत्तर वर्षांचें होतें. मधुमेह वीस वर्षांचा जुना आणि अंगकाठी स्थूल. तपासणीअंतीं यकृताचा सिरोसिस झाल्याचें निघालें. म्हणजे यकृताचा कार्य करणारा मऊ भाग जागजागीं नष्ट होऊन त्याच्या ठिकाणीं जुन्या जखमेच्या वणासारखे कठीण तंतु माजले होते. अण्णांनीं जन्मांत दारूला स्पर्श केला नव्हता. तरीहि रोगाचें नांव ऐकतांच चार माणसांच्या नजरेंत जो प्रश्न उभा राहूं लागला, तो आमच्या वहिनींना फार लागला. म्हणून येथेंच सांगून टाकतों कीं, हा रोग दारूनें होतो तसा ब आणि क या प्रकारच्या काविळीच्या विषाणूंनींहि होतो, आणि मधुमेह व स्थूलपणा यांच्या संगतीनें यकृतांत चरबी सांठत गेल्यानेंहि होतो. ज्यांना तो दारूनें झाला असेल त्यांनीं दारू कायमची सोडली पाहिजे हें खरें. पण अन्न त्यांनाहि तितकेंच लागतें. उपाशी ठेवणें ही कोणाहि रोग्याला देण्याजोगी शिक्षा नव्हे.

असो. डॉक्टरांनीं औषधें दिलीं आणि मीठ बेतानें खाण्यास सांगितलें. जेवणाविषयीं त्याहून अधिक विचारावें हें आम्हांलाच सुचलें नाहीं. तें काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, नातलगांनीं आणि कोणीतरी आणून दिलेल्या एका जुन्या छापील पत्रकानें केलें. यकृत म्हटलें कीं काविळीचें पथ्य, हें समीकरण आपल्याकडे घरोघरीं पाठ आहे. त्याप्रमाणें तेल गेलें, तूप गेलें, हळदीचा रंग पिवळा म्हणून हळदहि गेली. डाळ जड, तिच्यानें डोक्यांत भ्रम होतो, म्हणून डाळ आणि उसळी गेल्या. मीठ बेतानें खावयाचें होतें, तें आम्हीं मुळींच बंद केलें. राहिलें काय, तर मऊ भात, तांदळाची पेज, उकडलेला दुधी भोपळा, मुगाच्या वरणाचें वरचें पाणी आणि दोनतीन कोरडे फुलके. रात्रीचें जेवण सातच्या आंत, आणि त्यानंतर सकाळीं आठच्या चहापर्यंत पोटाला विसांवा. शिवाय महिन्याच्या दोन एकादशा आणि चंद्रोदयापर्यंतची संकष्टी हीं होतींच. दुखण्यांत देवाला विसरूं नये म्हणून वहिनींनीं तीं अधिक कडक केलीं.

या सगळ्याचें वेळापत्रक मीं स्वतः तयार केलें. शाळेंतल्या संवयीप्रमाणें तांबड्या व निळ्या शाईनें, सुवाच्य अक्षरांत लिहून तें स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटविलें. काय वर्ज्य आहे याची यादी त्यांत मोठी होती आणि काय द्यावें याची लहान. तें वेळापत्रक भिंतीवर सात महिने होतें.

दर रविवारीं आम्ही अण्णांचें वजन घेत असूं. तें छप्पन्न किलो होतें, सत्तावन झालें आणि पुढें अठ्ठावन्न झालें. आम्हांला समाधान वाटलें. वहिनींनीं मारुतीला नारळ फोडला. त्याच सुमारास अण्णांच्या बोटांतली अंगठी निसटून हौदापाशीं पडली. सदऱ्याचे खांदे खालीं ओघळूं लागले आणि लेंग्याची नाडी मात्र पुरेनाशी झाली. या दोन गोष्टी एकाच शरीराच्या आहेत आणि त्यांचा मेळ बसत नाहीं, हें जन्मभर अंकगणित शिकविलेल्या माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

तें ध्यानांत आणून दिलें इस्पितळांतल्या एका तरुण आहारतज्ज्ञ बाईंनीं. पोटांतलें पाणी काढण्यासाठीं अण्णांना तेथें न्यावें लागलें होतें. त्या बाईंनीं वजनकाट्याकडे पाहिलेंहि नाहीं. शिंप्याकडे असते तशी एक फीत त्यांनीं अण्णांच्या दंडाभोंवतीं गुंडाळली, आणि मग मुठींत दाबावयाचें एक यंत्र त्यांच्या हातीं देऊन त्या म्हणाल्या, “आजोबा, जितकें जोर लावून दाबतां येईल तितकें दाबा.” कांटा जागचा जेमतेम हलला. नंतर त्या आमच्याकडे वळून शांतपणें म्हणाल्या, “वाढलेलें वजन पाण्याचें आहे. अंगावरचें मांस झडत चाललें आहे. हे घरीं खातात तरी काय?”

मीं मोठ्या अभिमानानें माझें वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखविलें. तें ऐकून घेतल्यावर त्यांनीं जें समजावून सांगितलें, तेंच मी आज माझ्या साध्या भाषेंत आपणांस सांगणार आहें.

जुन्या घरांत धान्याची कणगी असे. सुगीला ती भरावयाची आणि पुढें लागेल तसें धान्य काढावयाचें. निरोगी माणसाचें यकृत ही तशीच एक कणगी आहे. आपण जेवतों तेव्हां रक्तांत येणाऱ्या साखरेचा एक भाग यकृत स्वतःपाशीं ग्लायकोजेनच्या रूपानें सांठवून ठेवतें, आणि रात्रीं आपण निजलेले असतां तो सांठा थोडा थोडा रक्तांत सोडून मेंदूला व इतर अवयवांना पुरवितें. सिरोसिस झालेल्या यकृताची कणगी लहान झालेली असते. संध्याकाळीं भरलेला सांठा मध्यरात्रीच्या आसपासच संपतो. मेंदूला साखर तर हवीच. मग शरीर ती कोठून आणतें? तें स्वतःचेच स्नायु मोडतें आणि त्यांतील प्रथिनांपासून साखर तयार करतें. घरांतलें सरपण संपलें म्हणजे आढ्याचीं लाकडें काढून चूल पेटवावी, तसा हा प्रकार आहे.

१९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, सिरोसिसचा रोगी एक रात्र उपाशी राहिला तर सकाळीं त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन ते तीन दिवसांच्या उपासानंतर होते. श्रोतेहो, आतां आमचा हिशेब पाहा. संध्याकाळीं सात ते सकाळीं आठ म्हणजे तेरा तास. महिन्याच्या दोन एकादशा राहूं द्या. आम्ही अण्णांकडून रोज रात्रीं दोन दिवसांचा उपास घडवीत होतों, आणि त्याला पथ्य म्हणत होतों.

याशिवाय रोग स्वतःहि अन्नाच्या आड येतो. पोटांत सांठलेलें पाणी जठराला खालून रेटतें, म्हणून चार घासांतच पोट भरल्यासारखें वाटतें. तोंडाची चव जाते, मळमळतें. पित्ताचा पुरवठा कमी झाला तर स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहींत, आणि अ, ड, ई, के हीं त्यांच्या आश्रयानें येणारीं जीवनसत्त्वें कमी पडतात. वरचेवर होणाऱ्या तपासण्यांसाठीं रिकाम्या पोटीं राहावें लागतें तें निराळेंच. म्हणजे ज्याला मुळांतच अन्न जात नाहीं, त्याच्या ताटांतलें उरलेलें आपण काढून घेतों.

आतां डाळीचा प्रश्न. यकृताच्या रोग्याला प्रथिनें देऊं नयेत ही समजूत केवळ आपल्या आजीबाईंची नव्हे. ती एके काळीं मोठमोठ्या डॉक्टरांचीहि होती, आणि तिचा इतिहास जाणण्यासारखा आहे. १८७७ सालीं एक्क नांवाच्या रशियन शस्त्रवैद्यानें आंतड्यांतून यकृताकडे रक्त नेणारी शीर, यकृताला वगळून, सरळ मोठ्या शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यांवर केली. पुढें १८९३ सालीं पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, अशा कुत्र्यांना मांस खाऊं घातलें कीं तीं भ्रमिष्टासारखीं वागूं लागतात. प्रथिनांपासून आंतड्यांत अमोनिया तयार होतो, निरोगी यकृत त्याचा निचरा करतें, आणि तसा निचरा न झाल्यास तो मेंदूला बाधतो, हें त्यामागचें कारण. त्यावरून यकृताच्या रोग्यांचीं प्रथिनें तोडण्याची रीत विसाव्या शतकांत रूढ झाली. न्यूयॉर्कच्या पटेक आणि पोस्ट या डॉक्टरांनीं १९४१ सालींच सिरोसिसच्या रोग्यांना सकस आहार देऊन त्याचा चांगला परिणाम प्रसिद्ध केला होता. तरी मध्यंतरीं पुष्कळ वर्षें भ्रमाच्या भीतीनें त्या शिकवणीवर मात केली.

अखेरीस २००४ सालीं स्पेनमधील बार्सेलोना येथील डॉक्टरांनीं प्रत्यक्ष भ्रम झालेल्या रोग्यांचेच दोन गट केले. एका गटाचीं प्रथिनें तोडून मग हळूहळू वाढविलीं, दुसऱ्याला पहिल्यापासून नेहमींच्या प्रमाणांत दिलीं. भ्रम ओसरण्यांत दोहोंमध्यें फरक पडला नाहीं. उलट ज्यांचीं तोडलीं होतीं त्यांच्या शरीरांतील प्रथिनांची मोडतोड अधिक झाली. याचें कारणहि समजण्याजोगें आहे. अमोनियाचा निचरा करण्याचें काम यकृतानें सोडलें म्हणजे त्याचा मोठा भार स्नायु उचलतात. स्नायु झडले कीं तो आधारहि गेला. म्हणजे भ्रम होऊं नये म्हणून डाळ बंद करणारे आम्ही, भ्रमाचीच वाट मोकळी करीत होतों.

दुसरी एक गोष्ट न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें झालेल्या आणि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची. सिरोसिसच्या रोग्यांना जेवणाव्यतिरिक्त सारखाच पोषक पुरवठा वर्षभर देण्यांत आला. कांहींना तो दिवसा, कांहींना रात्रीं नऊनंतर. रात्रीं घेणाऱ्यांच्या शरीरांत प्रथिनें वाढलीं. दिवसा घेणाऱ्यांच्या वाढलीं नाहींत. अन्न तेंच, फरक फक्त घड्याळाचा.

त्या बाईंनीं मला कागद घेऊन गणित घालावयास सांगितलें. पाण्याचें वजन अजमासें वजा केल्यावर अण्णांचें खरें वजन पन्नास किलो धरलें. अशा रोग्याला, तो स्थूल नसेल तर, दर किलोमागें सुमारें ३५ उष्मांक आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें रोज लागतात, असें युरोपांतील यकृततज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं घालून दिलेलें प्रमाण आहे. पन्नासानें गुणतां १७५० उष्मांक आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनें झालीं. नंतर आमच्या वेळापत्रकाची बेरीज केली. अर्धा पेला दूध, तीन फुलके, दोन वेळचा मऊ भात आणि मुगाचें पाणी, सर्व मिळून पंचवीस ग्रॅमच्या पलीकडे आंकडा जाईना. मुलांच्या बेरजा तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें घरची बेरीज सात महिने केली नव्हती, ही गोष्ट मी अद्याप विसरलों नाहीं.

घरीं आल्यावर भिंतीवरचा कागद काढला आणि नवा लिहावयास बसलों. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, पथ्य मोडून माणूस बरें झालेलें कधीं ऐकलें आहे का? आणि रात्रीं दहाला खाणें म्हणजे दुखण्याला आमंत्रण.” मीं म्हटलें, “वहिनी, पथ्य मोडावयाचें नाहीं, बदलावयाचें आहे.” त्यावर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग हलकेच म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मीं त्यांना उपाशी मारलें कीं काय?” या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. वेळापत्रक त्यांनीं लिहिलें नव्हतें, मीं लिहिलें होतें, एवढेंच मीं त्यांना सांगितलें.

नव्या कागदावर दिवसाचीं तीन मोठीं जेवणें मोडून सहा लहान खाणीं केलीं, जागेपणीं तीनचार तासांहून अधिक खंड पडूं द्यावयाचा नाहीं असा नियम केला. दूध दोन पेले, घट्ट वरण दोन वाट्या, मोड आलेल्या मटकीची मऊ शिजविलेली उसळ एक वाटी, दही एक वाटी, पोळी, भाकरी व भात मिळून बेताचें, आणि दुपारीं मूठभर फुटाणे. प्रथिनांचे आंकडे अजमासें १३, १४, ८, ५, १८ आणि ६, बेरीज ६४. यांत इस्पितळांतून आणावें असें कांहींहि नव्हतें. दुधाचीं व डाळींचीं प्रथिनें या रोग्यांना मांसापेक्षां अधिक मानवतात, तेव्हां आमच्या शाकाहारी घराला तें सोयीचेंच झालें. जे अंडीं व मासे खातात त्यांनीं तीं चांगलीं शिजवून खाण्यास हरकत नाहीं. चमचा दोन चमचे तूप परत आलें. हळद परत आली. चवीपुरतें मीठ परत आलें. दिवसाला सगळें मिळून सपाट चमचाभर, म्हणजे पांच ग्रॅमच्या आसपास, आणि लोणचें, पापड, फरसाण हीं मात्र बंद. अगदीं अळणी अन्नानें घास गिळवत नाहीं आणि पोषण आणखी घटतें, हें डॉक्टरांनीं पुढें स्पष्ट सांगितलें.

आणि रात्रीं दहा वाजतां ज्वारीच्या भाकरीचा दुधांत कुसकरलेला काला. पहिल्या रात्रीं वहिनींनीं वाटी पुढें केली तेव्हां अण्णा संकोचानें म्हणाले, “या वयांत मध्यरात्रीं खाणें बरें दिसत नाहीं.” तरी त्यांनीं तो खाल्ला. संकष्टीचा उपास वहिनींनीं अण्णांच्या वतीनें स्वतः धरला, आणि देवाला तो चालतो अशी स्वतःची समजूत घातली.

यानें रोग बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. झिजलेलें यकृत वरणभातानें पूर्ववत् होत नसतें. पाणी पुढेंहि काढावें लागलें, इस्पितळाच्या वाऱ्या चालूच राहिल्या. पण चार महिन्यांनीं यंत्राचा कांटा बराच पुढें सरकला. अण्णा काठी टेकीत कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत जाऊं लागले. मधून एकदां त्यांना भ्रमाचा झटका आला; सहीचें अक्षर बिघडलें, दिवसा झोप आणि रात्रीं जागरण सुरू झालें. आम्हीं डाळ बंद केली नाहीं, त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे नेलें. बद्धकोष्ठ हें त्याचें कारण निघालें आणि औषधानें तें दोन दिवसांत निवळलें. २०२१ सालच्या डिसेंबरांत अण्णा गेले. ते यकृताच्या रोगानें गेले. परंतु शेवटचीं अडीच वर्षें ते उपाशी नव्हते, एवढें समाधान वहिनींना आणि मला आहे. आधींच्या सात महिन्यांचें तसें म्हणतां येत नाहीं.

वेळ संपत आली, म्हणून ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांना चार गोष्टी सांगून आटोपतों. पहिली, केवळ काट्यावर विसंबूं नका; दंड, खांदे, अंगठी आणि जिना चढतांना पडणारे श्रम यांकडे पाहा. दुसरी, रात्रीचा उपास लहान करा; निजण्यापूर्वीं कांहींतरी सकस खाणें आणि सकाळीं उठल्यावर लवकर न्याहारी. तिसरी, ऐकीव पथ्यावरून डाळ, दूध, तूप तोडूं नका, आणि कोणी दिलेलें चूर्ण किंवा काढाहि डॉक्टरांना विचारल्यावांचून देऊं नका. झिजलेल्या यकृताला तो भार सोसत नाहीं. चौथी, औषधाची चिठ्ठी मिळाली कीं लगेच उठूं नका. “यांनीं काय खावें, किती खावें, केव्हां खावें?” हे तीन प्रश्न विचारा. मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा अंग स्थूल असेल, तर प्रमाणें बदलतात. म्हणून माझें वेळापत्रक उतरून न घेतां आपल्या रोग्याचें स्वतंत्र करून घ्या.

रोग्याच्या उशाशीं बसणारीं आपण सर्व माणसें प्रेमापोटींच पथ्य सांभाळतों. त्या प्रेमाला थोड्या हिशेबाची जोड द्यावी, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंति आहे.